आबांची सुई आणि कान्ह्याचा सर्व्हर

गेल्या उन्हाळ्यात, एका सोमवारी सकाळी, लोणावळ्यातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्याचा मुख्य सर्व्हर माझ्या मेहुण्यांनी स्वतःच्या हाताने बंद केला. वीज होती, काहीही बिघडलेलं नव्हतं. दवाखान्याचे संगणक तेच सांभाळत, आणि बिघाड आपणहून येईपर्यंत थांबणं त्यांना आळशीपणाचं वाटे.

राखीव वस्तूंवर इतका जीव लावणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. दर मंगळवारी ते जादाचा चष्मा लावत. त्याची सवय मोडायला नको. घराची दुसरी किल्ली भुशीला मावशींकडे असे. महिन्यातून एकदा ते घराला कुलूप लावत, पहिली किल्ली खिशात ठेवत आणि भुशीहून दुसरी आणून तेच कुलूप उघडत. माझी बहीण तोवर पायरीवर भाजी निवडत बसे. "उघडलं की सांगा," ती म्हणे, "आत कुकर लावायचाय."

सोमवारचा प्रश्न होता, मुख्य सर्व्हर पडलाच तर त्याची जागा कोणी घ्यायची. उमेदवार दोन. एक नवा, दणकट, ट्रस्टच्या सचिवांच्या पसंतीचा, त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. तो दिवसभराच्या नोंदी रात्री एकदम उतरवून घेई. दुसरा कान्हे गावातल्या उपकेंद्रातला, जुना आणि संथ. पण लोणावळ्यात लिहिलेली प्रत्येक ओळ त्याच्याकडे लगेच पोचे.

"त्या म्हाताऱ्याला कशाला विचारायचं?" सचिव म्हणाले.

"विचारत नाही. दोघांनाही कामाला लावून बघतो."

नवा क्षणात उभा राहिला. सचिवांनी चिक्कीचा डबा उघडला. तेवढ्यात ड्रेसिंगच्या खोलीतून आवाज आला. पायाच्या जखमेसाठी आलेल्या एका आबांसमोर सिस्टर सुई घेऊन उभ्या होत्या.

"आबा, संगणकात कालची सुई चालू आहे. आज तुम्ही आलेलेच नाही."

"आलोच न्हाई व्हय? मग सकाळपास्नं हितं कोन बसलंय, माजं भूत? कालच्या सुईनं रातभर अंग उठलंय. डाक्टरीनबाईंनी सकाळीच बंद लिवलीया ती!"

सिस्टरांनी सुई ट्रेमध्ये ठेवली. मेहुण्यांनी काम कान्ह्याच्या सर्व्हरकडे वळवलं. पडदा बराच वेळ कोरा राहिला.

"ह्ये लय सावकाश हाय," आबा म्हणाले.

मग लाल ओळ उमटली: सुई बंद, अंगावर पित्त.

"सावकाश आहे, पण आजचं बोलतोय," मेहुणे म्हणाले. सचिवांनी डब्याला झाकण लावलं. कान्हे ठरलं.

त्यानंतर मेहुणे अधूनमधून फोन बंद करून बेपत्ता होऊ लागले. आपल्यावाचून कान्ह्याच्या सिस्टरांना सर्व्हर चालू करता येतो का, हे ते तपासत. पहिल्या खेपेला सिस्टरांनी माझ्या बहिणीला, ताईला, फोन करून विचारलं, "भाऊ कुटं हायेत?" पुढे विचारणं बंद झालं.

पावसाळ्यात दवाखान्याच्या तळमजल्यात पाणी शिरलं. मुख्य सर्व्हर गेला, आणि इमारतीची वीज गेल्याने तिसऱ्या मजल्यावरचाही. कान्ह्याचा सर्व्हर सिस्टरांनी चालू केला. डॉक्टर मोबाइलवर केसपेपर पाहत राहिले. मेहुणे तेव्हा पुण्यात होते, हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, रुग्णालयाच्या खाटेवर. कान्ह्याहून सिस्टरांचा फोन आला, तो ताईने घेतला.

"आबांची लाल ओळ दिसते का, विचार," ते म्हणाले.

ताईने विचारलं. ओळ दिसत होती.

त्या दिवशी मंगळवार होता. मेहुण्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, ताईला पिशवीतून दुसरा काढून द्यायला सांगितला, आणि तो लावला.