आडवं उभं राहीपर्यंत

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि ज्या माणसाला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. इंग्लंडातल्या ब्रॅकनेलच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्यांच्यापुढे ठेवायच्या, याचा मला पगार मिळतो. त्या कामात माझा हात धरणारं कुणी नाही असं ऑफिसात म्हणतात. आणि स्वतःची चूक? ती कशी लपवायची, हेही मला चांगलंच जमतं.

आधी एक सांगून टाकते, म्हणजे मध्येच दचकायला नको. मी शिकार करते. हरणांची. इथे त्याला पोलिसांचा परवाना लागतो, जमीनमालकाची परवानगी लागते, हंगाम ठरलेला असतो. हरणं फार झालीत, कोवळी झाडं वाढू देत नाहीत, आणि त्यांना खाणारा लांडगा या देशातून कधीच गेला. तेव्हा ते काम माणसाकडे आलं. नागपूरला आईला हे कळलं तेव्हा तिनं बरेच दिवस माझा फोन उचलला नाही. पण मी सांगतेय ते पाप हे नव्हे. ते वेगळं आहे — आणि मी त्याच्याभोवती घिरट्या घालतेय हे तुमच्याआधी मलाच कळतंय.

जाधवकाकांपासून सुरुवात करते. काका मूळचे कोल्हापूरकडचे. तरुणपणी इकडे आले, एका कारखान्यात टूलमेकर म्हणून आयुष्य काढलं, आणि तिथल्याच एका इंग्लिश दोस्ताकडून शिकार शिकले. महाराष्ट्र मंडळाच्या जेवणात शाकाहारी मंडळी त्यांच्यापासून जरा अंतर राखून बसायची. मी सावजी रश्श्यावर वाढलेली, मुद्दाम जाऊन त्यांच्या शेजारी बसले. काकू नुकत्याच गेल्या होत्या. मुलगी नॉटिंगहॅमला डॉक्टर, तिला तिचाच व्याप. काकांना बोलायला माणूस हवं होतं. आणि मला? मला ऑफिस आणि स्वयंपाकघर सोडून तिसरी एखादी जागा हवी होती. ती त्यांनी मला दिली.

शहरापासून अर्ध्या-पाऊण तासावर मार्गारेटबाईंचं शेत आहे. त्या एकट्याच मेंढ्या सांभाळतात. त्यांनी फक्त काकांना शिकारीची परवानगी दिलेली, आणि काकांनी माझ्यासाठी शब्द टाकला म्हणून मला. पहिला पूर्ण हंगाम काकांनी मला रायफलला हातही लावू दिला नाही. नुसती दुर्बीण घेऊन मचाणावर बसायचं आणि विचारतील तेव्हा सांगायचं — आता मारशील का? मी हो म्हटलं की ते नाही म्हणायचे. हरीण आपल्याकडे तोंड करून उभं असलं, तिरकं असलं, चालत असलं, मध्ये फांदी असली, तर नाही. ते आडवं उभं राहिलं, पूर्ण कूस दिसली, तरच. मग पुढच्या पायाच्या मागे, अंगाच्या खालून एक तृतीयांश उंचीवर नेम धरायचा. तिथे काळीज आणि फुप्फुसं असतात. तिथे लागलं की त्याला काही कळायच्या आत संपतं. आडवं उभं राहीपर्यंत चापाला बोट लावायचं नाही, आणि राहिलंच नाही तर रिकाम्या हातानं घरी जायचं. तेवढा एकच नियम होता त्यांचा.

डोक्यावर नेम धरणाऱ्यांचा त्यांना भयंकर राग यायचा. डोकं सतत हलतं. जरा चुकलं की गोळी जबड्यात बसते. मग ते जनावर पळतं, लपतं, त्याला चरता येत नाही, पाणी पिता येत नाही, आणि ते उपाशी मरतं. हे सगळं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

त्या हिवाळ्यात माझ्या हाती काहीच लागत नव्हतं. रायफल होती, परवाना होता, आणि दर शनिवारी मी चिखलाचे बूट घेऊन परत यायची. नवरा चिडवायचा, येताना सुपरमार्केटातून चिकन तरी आण म्हणायचा. ऑफिसात मी उगाच बढाई मारून ठेवली होती. सरावाच्या पुठ्ठ्यावर माझा नेम काकांपेक्षा बरा होता, हे काकाच कौतुकानं सगळ्यांना सांगत. आणि फोनवर मी ते व्हिडिओ बघायची — डोक्यात एक गोळी, जनावर जागेवर, मांसाचा तुकडाही वाया नाही. वाटायचं, काका जुन्या वळणाचे आहेत. झालं, आता कारणं सांगायला लागले मी. पुरे.

संध्याकाळ होत आली होती. काका शेताच्या दुसऱ्या टोकाच्या मचाणावर, मी ओढ्याकडच्या. वाळलेल्या नेच्यांतून एक रो जातीची मादी बाहेर आली. आपल्या भेकरापेक्षा जराशी उंच असतात ही हरणं. ती माझ्याकडे तोंड करून थांबली. छाती झुडपाआड, वर फक्त मान आणि डोकं. ती वळेल म्हणून मी थांबले. खरंच थांबले. पण उजेड चालला होता, आणि मला अजून एक शनिवार रिकाम्या हातानं जायचं नव्हतं. मी डोक्यावर नेम धरला आणि चाप ओढला. त्याच क्षणी तिनं मान वळवली.

फळी मोडावी तसा आवाज आला. ती कोसळली, उठली, डोकं झटकत नेच्यांत शिरली. तोंडाखाली काहीतरी लोंबत होतं. मी पाहिलं. दुर्बिणीतून स्वच्छ पाहिलं.

गोळी झाडल्यावर जागेवर जाऊन बघायचं असतं. केस, रक्त, हाड — त्यावरून कळतं की कुठे लागलं. मी उतरले, गेले. पानांवर लाळेत मिसळलेल्या रक्ताची तार होती, हाडाचा एक तुकडा होता, आणि त्याला चिकटलेला दात. मी काय केलं असेल? बुटाच्या टाचेनं ते सगळं चिखलात दाबलं आणि वर पालापाचोळा सारला.

आवाज ऐकून काका येत होते, गुडघा धरत, मागे त्यांची म्हातारी लॅब्रेडोर, राणी. तिचं तेच काम होतं, जखमी जनावराचा माग काढणं. मी सांगितलं की गोळी वरून गेली, मादी टुणकन कुंपणावरून उडी मारून पळाली, मी कुंपणापर्यंत जाऊन पाहून आले, एक थेंबसुद्धा नाही. गोळी चुकली असं वाटलं तरी कुत्रा फिरवायचाच, ही काकांची रीत. त्यांनी राणीचा पट्टा सोडायला हात घातलाही. मग माझ्याकडे बघितलं आणि थांबले. तू स्वतः पाहिलंस ना, मग झालं, म्हणाले. माझ्या शब्दाखातर त्यांनी आपली रीत मोडली. राणीला सोडलं असतं तर अंधार पडायच्या आत ती मादी सापडली असती. काका मला रागावले असते. कदाचित पुन्हा मचाणावर घेतलं नसतं. एवढंच झालं असतं — आणि मला तेवढंच नको होतं.

दोन-तीन दिवसांनी काका एकटेच गेले, माझ्याच मचाणावर बसले. रात्री त्यांचा फोन आला. एका मादीवर त्यांनी गोळी झाडली होती, ती चुकली बहुतेक, राणीला बराच वेळ फिरवलं पण काही मिळालं नाही. मी विचारलंही नव्हतं. त्यांनी आपणहून सांगितलं, कारण त्यांना चैन पडत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मार्गारेटबाईंना ओढ्याकाठी एक मादी पडलेली दिसली. जिवंत. खालचा जबडा नव्हताच जवळजवळ. त्यांनी काकांना बोलावलं आणि काकांनी एका गोळीत तिला त्या हालांतून सोडवलं. त्याच संध्याकाळी काकांनी मला घरी बोलावून घेतलं. स्वयंपाकघरात बसले होते, चहा गार झालेला. तिच्या अंगावर दुसरी जखम नव्हती, म्हणाले. बरगड्या नुसत्या वर आल्या होत्या. मग त्यांनी मला एकदाच विचारलं.

"पोरी, त्या दिवशीचा तुझा शॉट क्लीन मिस होता ना? शुअर?"

विचारताना आवाजात संशय नव्हता. हे तुम्हाला नीट कळायला हवं. ते मला पकडत नव्हते. त्यांना फक्त खात्री करून घ्यायची होती.

"शुअर, काका. वरून गेली."

"मग ती माझीच."

त्यांनी छातीवर नेम धरला होता, आणि लागलं जबड्यात. इतका फरक पडत असेल तर डोळे गेले आणि हातही गेला, असा त्यांनी हिशेब मांडला. कारखान्यात आयुष्यभर केसाएवढ्या मापानं काम केलेला माणूस तो. आणि मी काय केलं असेल? मी त्यांची समजूत घातली. असं होतं काका, कुणाच्याही हातून होतं, असं म्हणत मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. तो हात मी अजूनही दिवसातून कितीदा तरी बघते.

त्यांनी रायफल विकली. दुकानापर्यंत गाडी मीच चालवली, कारण त्यांचा आता स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा उरला नव्हता. काकू गेल्यावर सकाळी उठायला त्यांना ते शेतच होतं. ते सुटलं आणि वर्षभरात त्यांनी घरही सोडलं, मुलीकडे नॉटिंगहॅमला गेले. जाण्याआधी मार्गारेटबाईंना भेटून सांगून गेले की शेताची परवानगी आता या मुलीला द्या, ही माझ्यापेक्षा जपून मारते. बाईंनी दिली. मी घेतली. आजही ते रान माझ्याकडे आहे. त्या दिवसापासून मी आडव्या उभ्या नसलेल्या जनावरावर एकदाही गोळी झाडलेली नाही, आणि लोक त्याबद्दल माझं कौतुक करतात. त्यानं काय भरून निघतं? काही नाही. ती मादी आठवडाभर उपाशी होती, आणि मी त्या आठवड्यात रोज दोन वेळा जेवत होते.

गेल्या महिन्यात काकांच्या मुलीनं जेवायला बोलावलं. मी फ्रीजमधलं हरणाचं मटण घेऊन गेले, काकांनी पांढरा रस्सा केला. पुण्याहून नुकतंच आलेलं एक जोडपं होतं, त्यांना शिकारीचं फार कुतूहल. काकांनी त्यांना त्या मादीची गोष्ट सांगितली. आता ते ही गोष्ट सगळ्यांना सांगतात, मुलगी म्हणाली. त्या बिचारीचा जबडा मी फोडला, काका म्हणाले, आणि तिला तशीच सोडून घरी येऊन जेवलो. माणसानं वेळेवर थांबावं. पुण्याच्या मुलीनं हळूच विचारलं, गोळी तुमचीच होती हे नक्की का?

काकांनी माझ्याकडे बोट केलं. "हिला विचारा. त्या रानात तेव्हा आम्ही दोघंच मारायचो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ताटात रस्सा होता, हातात भाकरीचा तुकडा होता.

"हो," मी म्हणाले. "काकांचीच होती."