आक्काच्या खोलीतली भांडी

चारजणी भांडी घासायला बसल्या की किस्से आपोआप निघतात आणि साठतच जातात. आमच्या बौद्ध वस्तीत मोठी भांडी सामाईक, त्यामुळं किस्सेही सामाईक. मी नोकरीला बारामतीत. शनिवारी गावी आले की माझी चुलती, म्हणजे आक्का, आधी हातात काथ्या देते आणि मग चहा. गाव इंदापूर तालुक्यात, कळंबच्या अलीकडं. हे किस्से ऐकून तुम्ही हसाल. मी पण हसायचे.

*

पहिला किस्सा भांडी आली त्याचा. गावकीची भांडी लग्नकार्याला सगळ्यांना मिळायची, आम्हाला सोडून. आक्का नवी नवरी होती तेव्हा तिच्या सासऱ्यांनी लई विनवण्या करून एक परात मिळवली. ती परत द्यायला आक्का गेली, घासूनपुसून लख्ख करून. गावकीची भांडी बापूरावांच्या वाड्यात असायची; त्यांच्या आईनं अंगणात उसाचं पाचट पेटवलं, परात त्या जाळावरून फिरवली आणि मगच घरात घेतली. आक्का समोर उभी होती.

पुढं वस्तीनं धर्म बदलला आणि वर्गणी काढून स्वतःची भांडी घेतली. बारामतीच्या बाजारातनं बैलगाडीत आली. तांब्याची डेग, तपेली, पराती, ओगराळी. सगळ्यांवर नाव घातलं, ‘बौद्ध वस्ती’. ती ठेवायला खोली बांधली, तिची किल्ली आक्काच्या कमरेला लागली ती अजून तिथंच आहे.

*

कल्हईला इंदापूरचे बाबूभाई यायचे. एकदा आमच्या मंडळाचा अध्यक्ष सुन्या त्यांना म्हणाला, “चाचा, आता ॲल्युमिनियम घ्या म्हणावं आक्काला. कल्हईची कटकटच न्हाय.”

बाबूभाईंनी भात्याचा हात थांबवला नाही. “घ्या की. माझी पोरं बी त्येच म्हणत्यात. त्यांनी घरातली भांडी बदलली, मग धंदा बदलला, आता मला कुठं ठेवायचं ते बघत्यात.”

सुन्या हसला. बाबूभाई हसले नाहीत. दोन वर्षांनी ते यायचे थांबले, आणि कुणी चौकशीलाही गेलं नाही, मी धरून.

*

सुन्याच्या बहिणीचं लग्न. मंडपवाल्याकडनं स्टीलची पातेली आणली, चकचकीत. आमच्यात एक सवय आहे. चुलीवर चढवायच्या आधी भांड्याच्या बुडाला मातीचा लेप द्यायचा. काजळी लेपासकट निघते, जाळही सोसतो. सुन्या म्हणाला, “स्टीलला कशाला चिखल फासताय? पाव्हणे काय म्हनतील?”

पातळ बूड, उसाच्या खोडक्यांचा जाळ. भात खालनं करपला, वरनं कच्चा. तेवढ्यात आक्का डेग घेऊन दारात हजर, बुडाला माती लावलेली.

“तुला कुणी सांगितलं गं?” सुन्याच्या आईनं विचारलं.

“सांगाय कशाला पायजे? वास पार माझ्या दारापतुर आलाय.”

दुसरा भात डेगेत शिजला. पंगतीला कुणाला कळलं नाही आणि आभारही कुणी मानले नाहीत.

*

एवढं होऊन त्याच सुन्यानं जयंतीच्या तोंडावर बैठक बोलावली. भांडी मोडीत घालायची आणि मंडळाला स्पीकर घ्यायचे. पोरांनी हात वर केले. भंगारवाला सोमवारी येणार, असंही ठरलं.

आक्का शेवटी बोलली. “इका. फकस्त मयताच्या घरी मानसं जेवाय बसली की कंचं गाणं लावायचं, तेवढं आत्ताच ठरवा.”

पण हात कुणी खाली घेतला नाही. त्या रात्री आक्का जेवली नाही. मला इतका संताप आला होता की सुन्याच्या घरावरनं जाताना मी चप्पल वाजवत गेले. दुसरं काय करणार?

*

आता हा शेवटचा. भंगारवाला यायच्या आदल्याच दिवशी, रविवारी, बापूरावांच्या नातीचं लग्न होतं. बारामतीच्या केटररचा टेम्पो भांड्यांसकट वाटेत बंद पडला. वऱ्हाड दारात. गावकीची भांडी कधीच विकली होती, देवळाच्या भोंग्यासाठी. मग बापूराव स्वतः वस्तीत आले. जन्मात पहिल्यांदा.

“आक्का, किल्ली देता का?”

इतकी वर्षं ते तिला ‘ए बाई’ म्हणायचे. पोरं म्हणाली, देऊ नको. आक्कानं किल्ली दिली. वर बजावलं, “बुडाला माती लावा, इसरू नका.”

सगळं गाव त्या डेगेतलं जेवलं. सुन्या तर हरखून गेला. “बघितलं का आक्का, गाव बदललं.”

संध्याकाळी ट्रॅक्टरमधनं भांडी परत आली. सोबत बापूराव. भांडी आरशासारखी घासलेली. आक्कानं ती खोलीबाहेरच ओळीनं मांडायला लावली. मग गोठ्यातनं पाचटाची कवळ आणली आणि अंगणात पेटवली. एक तपेलं उचललं, जाळावरून सावकाश फिरवलं आणि आत नेऊन ठेवलं. मग दुसरं.

बापूरावांचा चेहरा उतरला. “आक्का, सुनांनी दोनदोनदा घासल्यात.”

“व्हय, दिसतंय की. लख्ख हायती.”

ती पुढच्या भांड्यासाठी वळली. सुन्या मघापासून एका जागी उभा होता. त्यानं वाकून परात उचलली आणि तिच्या हातात दिली.