दोघांत एक टॅब

पहिलीच्या अ वर्गाच्या बाईंना मुलं खडूबाई म्हणत. बाहीवर, कपाळावर, चष्म्याच्या काडीवर, कुठे ना कुठे खडूची पूड असायचीच. ब वर्गाच्या बाई बेरीज-वजाबाकीसुद्धा चालीवर म्हणून घेत, म्हणून त्या गाणेबाई. दोघी एकाच वर्षी नोकरीला लागलेल्या. वर्गांमध्ये नुसतं लाकडी पार्टिशन होतं. इकडची शिंक तिकडे ऐकू जायची. मधल्या सुट्टीत डबाही एकत्रच.

शाळेत टॅबची खोकी आली तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "प्रत्येकाच्या हातात एकेक देऊन टाका."

"मला निम्मेच पुरेत," खडूबाई म्हणाल्या. "दोघांत एक."

"कमी का मागताय?"

"एकेक दिला तर मुलं गप्प बसतील, सर. दोघांत एक दिला की भांडतील, बोलतील."

त्यांनी घाई केली नाही. आधी चिंचोके मोजायचे, मग पडद्यावरचे ठिपके. आधी पान चुरगळून हुंगायचं, मग त्याचा फोटो मोठा करून शिरा बघायच्या. काम झालं की टॅब कपाटात. एक मुलगी अडखळत बोलायची, वर्गात तोंडच उघडायची नाही. ती कोपऱ्यात बसून स्वतःचं वाचन रेकॉर्ड करायची, ऐकायची, पुसायची, पुन्हा करायची. एक दिवस तिने ते सगळ्यांना ऐकवलं. पार्टिशनपलीकडून गाणेबाई ओरडल्या, "अगं, कोण वाचतंय हे? किती गोड!"

वर्षाअखेरीस संस्थेचे अध्यक्ष वर्ग बघायला आले. खडूबाई चार मुलांना घेऊन जमिनीवर बसल्या होत्या. बाकीची जोडीजोडीने कामात गर्क. अध्यक्ष दारात उभे राहून बघतच राहिले.

"वा! म्हणजे बाई नसल्या तरी वर्ग चालतो!"

खडूबाई हसल्या. त्यांना ते कौतुक वाटलं.

सुट्टी संपून शाळेत आल्या तर पार्टिशन गायब. दोन्ही वर्ग एक, बाई एकच. गाणेबाईंना घरी बसवलं होतं. खडूबाई तडक मुख्याध्यापकांकडे गेल्या.

"सर, मी असं कधी म्हणाले?"

"म्हणाला नाहीत, करून दाखवलंत," ते मान वर न करता म्हणाले. "आता प्रत्येकाला टॅब आहे, हेडफोन आहे. तुम्हाला फक्त लक्ष ठेवायचंय."

संध्याकाळी त्या मैत्रिणीच्या दारात उभ्या राहिल्या. गाणेबाईंनी आत या म्हटलं नाही.

"तू वाईट काही केलं नाहीस, ते कळतं मला," त्या म्हणाल्या. "पण तुझं तोंड बघवत नाही गं. येऊ नकोस."

दार लागलं. राजीनामा द्यायचा, असं ठरवूनच खडूबाई घरी आल्या. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर त्यांच्याच पगारावर. राजीनामा मनातच राहिला.

आता वर्गात आवाज नसतो. एवढीएवढीशी डोकी हेडफोन घालून खाली वाकलेली. पान हुंगायला वेळ नाही, भांडायला कारण नाही. ती अडखळणारी मुलगी दुसरीत गेली. तिथेही प्रत्येकाला टॅब. ती पुन्हा बोलेनाशी झाली म्हणे. खडूबाईंनी एकदा मुद्दाम मुलांना गाणं म्हणायला उभं केलं, तर अर्ध्यांना हेडफोनमुळे ऐकूच गेलं नाही, आणि ज्यांना गेलं ती पडद्यावरून नजर काढीनात. त्या एकट्याच दोन ओळी म्हणाल्या आणि थांबल्या.

परवा दुसऱ्या शाळांतल्या शिक्षकांना हा वर्ग दाखवायला आणलं होतं. मुख्याध्यापक कौतुकाने सगळं सांगत होते. एका तरुण शिक्षिकेने हळूच जवळ येऊन विचारलं, "बाई, खरं सांगा, एवढी मुलं एकटीला जमतात?"

खडूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. तिच्याही शाळेत शेजारच्या वर्गात कुणीतरी असणारच. मुख्याध्यापक बोलायचे थांबून इकडेच बघत होते.

"जमतात," खडूबाई म्हणाल्या.