प्रार्थनेचा विषय

आमच्या मंडळीत चहाड्या कुणी करत नाही. आमच्याकडे प्रार्थनेचे विषय असतात.

हे वाक्य आज मी लिहितो आहे. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मला राग आला असता. दर बुधवारी संध्याकाळी आम्ही दहा-बारा माणसं घाटकोपरला एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी जमतो. त्यांना सगळे बाई म्हणतात. दोन गीतं होतात, शास्त्राचं वाचन होतं, मग बाई चष्मा लावून वही उघडतात आणि म्हणतात, "विषय सांगा." कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन असतं, कुणाच्या मुलीचं लग्न जमत नसतं. दुसऱ्याचं काही नाजूक सांगायचं असेल तर आधी म्हणायचं, "नाव घेत नाही, पण एक भाऊ आहे." नाव घेतलं नाही की ती चहाडी राहत नाही, ते ओझं होतं. मी लहानपणापासून हे ऐकत आलो आणि मनापासून मानत आलो.

चर्चमध्ये पेटी वाजवायचा तो माझा मित्र. संडे स्कूलमध्ये एका बाकावर बसायचो तेव्हापासूनचा. त्याची बायको गेली, आणि दफनानंतरच्या पहिल्याच रविवारी तो पेटीवर बसला. लोक म्हणाले, काय विश्वास आहे. मीही म्हणालो.

पुढे सहा-सात महिन्यांनी, एका रविवारी उपासना संपल्यावर, आम्ही दोघंच मागे राहिलो होतो. पेटीला खोळ घालता घालता तो म्हणाला, "एक सांगू? मला आता प्रार्थना होत नाही."

"थकला असशील."

"थकलो नाही रे. डोळे मिटले की समोर काहीच नसतं. रिकाम्या खोलीत बडबडल्यासारखं वाटतं. पेटीवर बसतो तेवढा दीड तास बरा जातो. बोटांना काम असतं ना." खोळीची नाडी बांधून झाली तरी तो उठला नाही. "कुणाला बोलू नकोस हां. पाळकसाहेबांना तर नकोच."

"वेडा आहेस का," मी म्हणालो.

मला त्याची काळजी वाटत होती, हे खोटं नाही. सोमवारी, मंगळवारी मी घरी त्याच्यासाठी गुडघे टेकले. पण बुधवारी बाईंनी "विषय सांगा" म्हणून माझ्याकडे पाहिलं आणि मी बोललो. "नाव घेत नाही. एक भाऊ आहे. पत्नी गेल्यापासून त्याला प्रार्थना होत नाही. प्रभूची सेवा करतो, पण आतून रिकामा झालाय."

कोण, असं कुणी विचारलं नाही. चाळीस घरांच्या मंडळीत बायको गेलेला आणि सेवा करणारा असा भाऊ एकच होता. बाईंनी वहीत लिहून घेतलं. पाऊण तास प्रार्थना चालली. दोघी-तिघी रडल्या. मला वाटतं मीही रडलो. जिना उतरताना मला फार हलकं वाटलं. हे लिहायलाच हवं, कारण पुढच्या सगळ्यापेक्षा त्या हलकेपणाची मला जास्त लाज वाटते.

दोन आठवड्यांनी चर्चच्या कमिटीची बैठक झाली. मी कमिटीवर आहे. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. पाळकसाहेब हळू आवाजात म्हणाले, "ज्याला स्वतःला प्रार्थना करता येत नाही, त्याने मंडळीला स्तुतीत पुढे न्यावं का? आपण त्याला थोडी विश्रांती देऊ." विश्रांती हा शब्द सगळ्यांना आवडला. हात वर झाले. माझाही झाला. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही त्याच्या जवळचे. तुम्हीच सांगा, म्हणजे त्याला लागणार नाही."

तो मुलुंडला राहतो. मी गेलो तेव्हा तो मटार सोलत होता. मी सांगितलं.

"विश्रांती? मी मागितली होती?"

"पाळकसाहेबांना वाटलं की..."

"त्यांना कुणी सांगितलं?"

"प्रार्थनेत विषय आला होता," मी म्हणालो. यातला एकही शब्द खोटा नव्हता.

"कुणी आणला?"

मी म्हणालो, बुधवारी बरेच लोक असतात, कोण काय बोलतं लक्षात राहत नाही. तो दाणे चिवडत बसला. मग म्हणाला, "बाई असतील. त्यांना माणसाच्या चेहऱ्यावरूनच कळतं. तू नाहीस एवढं मला माहीत आहे. बाकी सगळ्यांवर संशय घेईन."

त्या वाक्यात मी दोन वर्षांहून जास्त राहिलो.

पेटीच्या जागी कीबोर्ड आला, शेजारचा तबलेवाला तोच राहिला. तो शेवटच्या बाकावर बसू लागला. प्रभुभोजनाच्या रविवारी भाकर आणि द्राक्षरसाचे पेले घेऊन बाकांमधून फिरण्याचं काम माझं असतं. तबक त्याच्यापर्यंत नेलं की तो न घेता शेजारच्याकडे सरकवायचा, आणि मी मात्र वेदीपाशी परत जाऊन माझा पेला घ्यायचो. न घ्यावा तर सगळे विचारतील. म्हणून घ्यायचो.

दर शनिवारी दुपारी मी त्याच्याकडे जायचो. आधी अपराधीपणाने, मग सवयीने. एका शनिवारी चहा झाल्यावर तोच म्हणाला, "तू कर ना प्रार्थना. मी नुसता बसतो." मी केली. मग दर शनिवारी करू लागलो. काही महिन्यांनी, प्रार्थनेच्या शेवटी तो पुटपुटला, "आमेन." बायको गेल्यापासून त्याच्या तोंडून आलेला तो पहिलाच. आता सांगितलं तर हा आमेनही जाईल, असं मी स्वतःला बजावलं. आणि सांगितलं तर या घराचं दारही मला बंद होईल, हेही होतंच. त्याच्यासाठी गप्प होतो की माझ्यासाठी, हे मला अजून वेगळं करता येत नाही.

शेवटी मला जो मार्ग ठाऊक होता तोच मी धरला. बुधवारी पाळी आली तेव्हा म्हणालो, "नाव घेत नाही. एक भाऊ आहे. मित्राने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याने उघड केली. मित्राचं नुकसान झालं आणि हा गप्प बसलाय." बाईंनी लिहून घेतलं. प्रार्थना झाली.

मी चपला घालत होतो तेव्हा बाई जवळ आल्या. "आपला तबलेवाला ना? मला वाटलंच. तोंडाला कुलूपच नाही त्याच्या."

"नाही बाई. मी आहे तो."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "असंच म्हणावं. आपण सगळेच पापी. दुसऱ्याचा दोष अंगावर घ्यायला मन मोठं लागतं."

"बाई, खरंच मी."

"कळलं हो. तुम्ही आणला तो तर प्रार्थनेचा विषय होता. बस जाईल तुमची."

पुढच्या रविवारी उपासनेनंतर चहाच्या वेळी तबलेवाला घोळक्यात आला आणि सगळे गप्प झाले. तो नेहमीसारखा म्हणाला, "काय यार, मला बघून मौन प्रार्थना सुरू केली काय?" कुणी हसलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी बिस्किट बुडवलं.

त्या शनिवारी मी मुलुंडला गेलो. मित्राने चहा ठेवला, हात पुसले, समोर बसून डोळे मिटले. मी म्हणालो, "आज प्रार्थना नको. तेव्हा बुधवारी तुझा विषय मी आणला होता. तबलेवाल्याने नाही, बाईंनीही नाही. मी."

त्याने डोळे उघडले. चहा उतू गेला. त्याने उठून गॅस बंद केला आणि माझ्याकडे पाठ करूनच विचारलं, "माझ्यासाठी किती वेळ प्रार्थना चालली त्या दिवशी?"

"पाऊण तास."

"कुणी रडलं?"

"दोघी-तिघी."

"तू?"

"हो."

"आणि एवढ्या सगळ्यांतून एकजणही जिना चढून माझ्याकडे आला नाही," तो म्हणाला. "तू आलास तो विश्रांती घेऊन."

मी उठलो. तो दारापर्यंत आला. क्षमा कर म्हणायचं मी वाटेत घोकलं होतं, ते म्हणालो. कडी काढताना म्हणाला, "हे पण बुधवारी नेऊ नकोस."

रविवारी चहाच्या वेळी मी तबलेवाल्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, आणि मग घोळक्यातही. घोळक्यातल्या दोघांनी मान हलवली. एकजण म्हणाले, "किती नम्र आहेत." तबलेवाला त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही, त्याला बहुतेक पटलं असावं.

बुधवारी बाईंनी चष्मा लावला, वही उघडली आणि माझ्याकडे पाहिलं. मला दुसरं काही सुचत नव्हतं. शनिवारचं ते बंद दार एवढंच डोळ्यांपुढे होतं, आणि ते सांगायला मला मनाई होती.

"माझा विषय नाही," मी म्हणालो.

"म्हणजे सगळं ठीक आहे," बाई म्हणाल्या. "प्रभूची स्तुती असो." आणि वहीत माझ्या नावापुढे त्यांनी तसं लिहिलं.