मायचा डावा हात

ताडकळस सोडून शिकायला निघाले त्या दिवशी पिंगळीच्या स्टेशनवर मायनं मला हात केला नाही. गाडी हलली, अप्पांनी रुमाल हलवला आणि माय नुसती उभी. तिचा हात कमरेपर्यंत वर आला आणि परत खाली गेला. मला वाटलं, रुसली. पोरगी लग्नाचं टाळून चाललीय म्हटल्यावर रुसणारच. मीही फुगून खिडकीतून तोंड आत घेतलं.

घरात माय आळशी म्हणूनच ओळखली जायची. आम्ही लिंगायत. सकाळ-संध्याकाळ इष्टलिंगाची पूजा, म्हणजे गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, हात डोळ्यांसमोर धरायचा आणि एकटक बघत बसायचं. मायचा हात मिनिटाभरात मांडीवर यायचा, पापण्या मिटायच्या. अप्पा करवादायचे, "पूजेलाच कशी झोप यायलीय हिला? मनच न्हाई देवात." माय म्हणायची, "हात लय जड होतोय हो." आम्ही भावंडं हसायचो. मीसुद्धा हसायचे. लिहायला नको वाटतं, पण हसायचे.

तुमच्यातले जे माझ्यासारखे लांब गेलेत त्यांना ठाऊक असेल, घरातली गोष्ट कधीकधी परक्या ठिकाणी समजते. पुण्यात मला नसा-स्नायूंच्या दुर्मीळ आजारांवरच्या नव्या औषधांच्या ट्रायलमध्ये काम मिळालं. पहिल्याच आठवड्यात तपासणी शिकवली. पेशंटनं हात समोर सरळ धरायचा, नजर वर लावायची. हात किती सेकंदांत पडतो, पापणी कधी उतरते, ते स्टॉपवॉचवर बघायचं. समोरच्या बाईंचा हात हळूहळू खाली यायला लागला आणि मला आमचं देवघर दिसलं. मग स्टेशनही दिसलं.

मायला बोलावून तपासण्या केल्या. शरीरातल्याच अँटिबॉडी नसेचा निरोप स्नायूपर्यंत पोचू देत नव्हत्या. मायस्थेनिया. नाव ऐकून ती म्हणाली, "माय? माझ्याच नावाचा काढलाय की गं आजार!"

त्याला आता बरीच वर्षं झाली. गोळी घेतली की तिचे तीन-चार तास बरे जातात, मग पुन्हा सगळं जड. आमच्या ट्रायलमधलं एक औषध मध्येच बंद पडलं, दुसऱ्याची ट्रायल चालू आहे. त्यातल्या काही पेशंटना औषध, काहींना तुलनेसाठी नुसतं सलाईन. कुणाला काय, ते मलाही कळू देत नाहीत. आणि माझ्या घरच्या माणसाला त्यात घेता येत नाही. दर रविवारी फोनवर माय विचारते, "झालं का गं तुझं औषध?" जणू चुलीवरच ठेवलंय. मी म्हणते, "होतंय." हे म्हणून म्हणून मी थकलेय.

मागच्या सुट्टीत गेले तेव्हा संध्याकाळची पूजा चालली होती. अप्पा स्वतःची लवकर उरकून मायच्या डाव्या बाजूला बसले होते, तिच्या कोपराखाली आपला तळहात धरून. इतकी वर्षं बोलले त्याची माफी त्यांनी मागितलेली नाही, मागणारही नाहीत. मी दारातच थांबले, तर म्हणाले, "बघायलीस काय? तुझं औषध येईस्तोवर मी हाय की."

ट्रायलमध्ये पडणाऱ्या हाताला आधार द्यायचा नसतो, सेकंद चुकतात. मीही देत नाही. हात पडेपर्यंत बघते, आकडा लिहिते. पण टेबलाखाली माझा डावा तळहात आपोआप उताणा होतो, कुणाचं तरी कोपर पेलायला. पुण्यात माझं घर म्हणजे तेवढंच.