अमेरिकन आईच्या तसबिरीला हार

माइक हातात आला की मला स्वर्ग दोन बोटं उरतो, आणि त्या संध्याकाळी तर घोटावड्याच्या शेतात चक्क अमेरिकन चित्रांच्या संग्रहालयाचं उद्घाटन होतं. माणमधला आमचा शेजारी बरीच वर्षं अमेरिकेत राहून परतला होता. बायको तिकडची. तिच्या प्रांतातल्या चित्रकारांची चित्रं दोघांनी भिंतीभर लावली होती. बर्फात रुतलेली कोठारं, कापून नेलेली मक्याची रानं, आणि माणूस कुठंच नाही. जणू सगळे घाईनं उठून गेलेले.

माणूस एकाच चित्रात होता. समईशेजारी तिवईवर एक गोरी म्हातारी बसली होती आणि कुठूनही पाहिलं तरी आपल्याकडेच बघत होती.

मी खर्जात दीपप्रज्वलन पुकारलं. वडीलकीचा मान माझ्या चुलतीचा. तिनं वाती पेटवल्या आणि ताटातला हार सवयीनं म्हातारीला घालून हात जोडले. समईशेजारी तसबीर म्हटल्यावर आपल्याकडे दुसरं काय करतात? मागोमाग सगळा मांडव उठून उभा राहिला.

यजमानीण हरखली. "ही माझी आई," ती मोडक्या मराठीत म्हणाली. "आता तिचं हार्टचं ऑपरेशन चालू आहे."

कुणाचेच जोडलेले हात खाली येईनात.

चुलतीनं यजमानिणीच्या नवऱ्याला बाजूला घेतलं. "लेका, जित्या माणसाच्या फोटूला हार घालत न्हाईत, तुला ठावं हाय. तिला सांग. मी काढते."

त्यानं बायकोला इंग्रजीत सांगितलं की काकूंना चित्र फार आवडलं. मग आई बाहेर येईपर्यंत हार राहू दे, असं तिनं प्रेमानं विनवलं.

फोन येईना. वडे गार झाले. मी माइकची वायर गुंडाळून ठेवली. म्हातारी तेवढी हारातून बघत राहिली.

शेवटी चुलती उठली. तिनं हार काढला आणि स्वतःच्या गळ्यात घातला. "हिच्या आईपरीस मी थोरली. पाळी माझी आदी."

नवऱ्यानं याचं भाषांतर केलं नाही.

फोन वाजला. यजमानीण ऐकता ऐकता खाली बसली, रडली, मग हसली. आई शुद्धीवर आली होती. टाळ्या पडल्या.

परतताना गाडीत मी हार काढायला हात पुढं केला. चुलतीनं माझा हात बाजूला सारला.

"ऱ्हाऊ दे. ती बाई दवाखान्यातनं घरला तर पोचू दे."