सात नंबरची खाट आणि माझे चाळीस प्रश्न

माझ्या आठवणीवर किती विसंबायचं, मलाच कळत नाही. साल सत्त्याऐंशी की अठ्ठ्याऐंशी, तेही नक्की नाही. पण घोळ शंभर टक्के माझाच, एवढं छातीठोक सांगतो!

मी तेव्हा जळगावला मानसशास्त्र शिकवायचो. संगीतोपचाराचा रोग्यावर काय परिणाम होतो, ते मोजायला एक तक्ता केला होता. चाळीस प्रश्न! धुळ्याच्या एका दवाखान्यात सुमनताई नावाच्या सिस्टरांनी स्वतःचा तक्ता केलेला. त्यात रोग्याची झोप, भूक, भीती, सोबतची माणसं, सगळं.

मोठे डॉक्टर म्हणाले, "सर, दोन्ही तक्ते एकाच रोग्यावर वापरून बघा. चांगला तो ठेवू. दुसरा बंद."

म्हणजे ताईंची सहा वर्षांची मेहनत माझ्या हातात! सकाळपासून मी माझे कागद पुन्हा पुन्हा मोजत होतो.

सात नंबरच्या खाटेवर एक म्हातारबा पडले होते. मी टेपवर बासरी लावली. आणि काय सांगू तुम्हाला! पाच मिनिटांत नाडी संथ, कपाळावरच्या आठ्या गायब, डोळ्यांत पाणी.

"कसं वाटलं, आबा?"

"भारी वाटनं, साहेब!"

"भूक लागते?"

"आत्तेच दोन भाकरी खाईसन उनू!"

मी लिहिलं: आत्ताच दोन भाकरी खाऊन आले. चाळीसपैकी अडतीस गुण! माझ्या अंगावर काटा आला. सुरांत एवढी ताकद?

मग ताईंच्या तक्त्याच्या वरच्या ओळी तेवढ्या वाचल्या. सात नंबर: जेवत नाही, झोपत नाही, बोलत नाही.

"ताई, क्षमा करा," मी चाचरत म्हणालो, "तुमचा तक्ता सदोष दिसतो. डॉक्टरांना तसं सांगावं लागेल."

"सर, जरा व्हरांड्यात येता?"

तिथे बाकावर दुसरेच एक म्हातारबा गुडघ्यांत मान घालून बसले होते. मनगटावर सलाईनची पट्टी.

"हे सात नंबर," ताई हळूच म्हणाल्या. "खाटेवर त्यांचे धाकटे भाऊ. तीन रात्री जागले, म्हणून ह्यांनीच त्यांना आपली खाट दिली."

मी धावत खाटेशी. "अहो, सांगितलं का नाही?"

"तुम्हीन जे इचारं ते सांगं, साहेब! आजारी कोन शे, हाई इचारंच नही!"

चाळीस प्रश्न, आणि 'आजारी कोण आहे?' नेमका हाच नाही! मी डॉक्टरांना एवढंच म्हणालो, "ताईंचा तक्ता ठेवा."

ताईंनी मला मुद्दाम बाजूला नेलं, की ते सहज घडलं? वर्षानुवर्षं हा प्रश्न मला छळत होता. त्या निवृत्त झाल्यावर भेटल्या, तेव्हा त्यांनी जपून ठेवलेला सात नंबरचा त्या दिवशीचा तक्ता दाखवला. 'सोबतची माणसं' या रकान्यात त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: "भाऊ – थकलेले. झोपू द्यावे."

त्याखाली: "प्राध्यापक – फार घाबरलेले. चूक एकट्याला गाठून सांगावी."